रूटची वेगळी चूल

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 'रूट' नावाचे तिघे नांदतात. एक सर्वाधिकारी वापरकर्ता, दुसरा सगळ्या डिरेक्टरींच्या (फोल्डरांच्या) मुळाशी बसलेला नुसता स्लॅश (/), आणि तिसरं त्या वापरकर्त्याचं घर, स्लॅश रूट (/root). "फाइल रूटमध्ये टाकलीय" असं कोणी म्हटलं की मला घाम फुटतो. कुठल्या रूटमध्ये, असं विचारावं तर "रूटच्या रूटमध्ये!"

जुन्या युनिक्समध्ये ही भानगड नव्हती. रूटचं घर म्हणजे नुसता स्लॅशच. पण मग त्याची टिंबवाली खासगी पिलावळ (टिंबानं सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फायली) भर अंगणात, बिन आणि ईटीसी या सिस्टिमच्या डिरेक्टरींच्या मांडीला मांडी लावून बसायची. म्हणून त्याला स्वतंत्र खोली मिळाली. कुठली डिरेक्टरी कुठे असावी ते सांगणारं फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डही तिची शिफारसच करतं, सक्ती नाही.

सक्ती नाही म्हटल्यावर टापटिपीची हौस असलेल्यांना किडा चावतोच: बाकी सगळ्या वापरकर्त्यांची घरं 'होम' डिरेक्टरीत, मग रूटनं वेगळी चूल का मांडावी?

कारण होम पुष्कळदा वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर असतं. कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, तिच्या यूयूआयडीचं (ओळख-क्रमांकाचं) एक अक्षर चुकवा आणि मशीन रीबूट करा. ते दीड मिनिट त्या नसलेल्या डिस्कची वाट बघतं, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतं. रूटचं घर होममध्ये असेल तर आता ज्यानं कुलूप उघडायचं त्याच्याच किल्ल्या आत! होम एनएफएसवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून येत असेल तर आणखी शोभा. तिथे रूट-स्क्वॅश मुळातच चालू असतं, म्हणजे समोरचा सर्व्हर आलेल्या रूटला 'नोबडी' नावाचा बिनअधिकाराचा वापरकर्ता समजतो. अख्ख्या मशीनचा धनी, स्वतःच्या दारात कोणी नाही.

तरी हलवायचंच? वापरकर्त्याची माहिती बदलणारं यूझरमॉड तोंडावर सांगतं की रूटला प्रोसेस क्रमांक १ (सगळ्यात आधी सुरू होणारा प्रोग्रॅम) वापरतेय, सबब बदल नाही. मग व्हीआयपीडब्ल्यूनं वापरकर्त्यांची यादी उघडून रूटच्या ओळीतला सहावा रकाना, म्हणजे घराचा पत्ता, बदलायचा, फायली हलवायच्या, एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था असेल तर फायलींची लेबलं निस्तरायची. नव्या घराची परवानगी ७०० (सगळं फक्त मालकाला) ठेवायची. ग्रुपला लिहिण्याची मुभा राहिली की दुरून लॉगिन करू देणारं एसएसएच आपली किल्ली नाकारतं, आणि का ते आपल्याला न सांगता सर्व्हरच्या लॉगमध्ये नोंदवतं.

बरं, घर जागेवर ठेवलं तरी आत शिरणं सोपं नाही. सूडू म्हणजे रूटच्या अधिकारानं कमांड चालवणं, सीडी म्हणजे डिरेक्टरी बदलणं; 'सूडू सीडी स्लॅश रूट' करून बघा. आपण आहोत तिथेच. सीडी हे शेलच्या, म्हणजे आपल्या कमांड झेलणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटातलं काम. सूडूनं जन्माला घातलेल्या प्रोसेसनं डिरेक्टरी बदलली तरी आपल्या शेलला त्याचं सोयरसुतक नाही. सूडूला एलएस (फायलींची यादी) लावून स्लॅश रूटमधल्या 'तारांकित टिंब एसएच' (*.sh, म्हणजे शेवटी .sh असलेल्या) फायली मागा. उत्तर येतं, असं काही नाही. फायली असतात हो! पण तो तारा सूडूच्या आधी आपलंच शेल उलगडायला जातं, त्याला आत डोकावता येत नाही, म्हणून तो तसाच्या तसा पुढे जातो आणि एलएस इमानानं 'तारा' नावाची फाइल शोधत बसतं. सरळ 'सूडू हायफन आय' म्हणावं, म्हणजे रूटच्याच घरात उतरतो.

आणि उतरल्यावर काय दिसतं? 'बॅकअप-फायनल', 'बॅकअप-फायनल-२', 'बॅकअप-खरंच-फायनल'. ही खोली बहुधा स्लॅशच्याच पार्टिशनवर असते, त्यामुळे इथला कचरा सगळ्यांची जागा खातो. ईएक्सटी४ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) अडीअडचणीसाठी ५ टक्के जागा मुळातच राखून ठेवतं, ती इतरांना मिळत नाही.

फक्त रूटला मिळते. तीही त्यानं 'बॅकअप-खरंच-फायनल'मध्ये घातलेली असते.