पासपोर्टमधले जुने व्हिसे वाफेवर काढू नका

परवा मावशीचा फोन आला. "अगं, पासपोर्टातला जुना व्हिसा काढायला इस्त्री चालेल का, की वाफच लागते?" मला आधी कळेचना. मग तिने तो मेसेज पाठवला. "शेंगेन व्हिसाचे नवे कडक नियम, परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला पाठवा." शेंगेन म्हणजे युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश, जर्मनीही त्यातच. मावशी-काकांना लेकीच्या बाळंतपणासाठी म्युनिकला जायचंय. काका दुबईत नोकरीला होते, त्यामुळे पासपोर्ट शिक्क्यांनी भरलाय, जेमतेम तीन पानं कोरी आहेत. मेसेज वाचून त्यांचं धाबं दणाणलं, तेव्हा हा राग आवरून लिहिणं मला जमणार नाही.

मेसेजमध्ये थोडक्यात असं आहे: पासपोर्टमध्ये सलग सहा कोरी पानं हवीत. कमी असतील तर मुदत संपलेल्या व्हिसाचे स्टिकर वाफेवर सोडवून पानं मोकळी करा. नाहीतर जादा पानांची पुरवणी जोडून घ्या, पण नवा पासपोर्ट काढू नका, कारण जुन्यावरचे सगळे व्हिसे बाद होतात. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर अर्जच घेत नाहीत. अर्ज करायचा तो ज्या देशाची गर्दी कमी असेल त्याच्याकडे. आणि शेवटी, आता युरोपात शिक्के मारणंच बंद झालंय. म्हणजे वर सहा पानं मागायची आणि खाली शिक्केच नाहीत म्हणायचं. हे लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा तरी वाचलाय का?

आधी सहा पानांचं. शेंगेन व्हिसाचा कायदा कुणाच्या डोक्यातला नाही, लेखी आहे. युरोपीय संघाचा २००९ चा ८१० क्रमांकाचा नियम, त्यालाच व्हिसा संहिता म्हणतात. त्याच्या कलम १२ मध्ये पासपोर्टबद्दल तीनच अटी आहेत. शेंगेन प्रदेशातून परत निघण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असावा, त्यात किमान दोन कोरी पानं असावीत आणि तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा. संपलं. "सलग" हा शब्द तिथे नाही, सहा हा आकडाही नाही. काकांकडे तीन पानं आहेत, म्हणजे ते आत्ताच पात्र आहेत. फक्त शेवटचं पान, आईवडिलांचं नाव आणि पत्ता असलेलं, कोरं पान म्हणून धरू नका. आणि कोरं म्हणजे कोरं, कोपऱ्यात अर्धा शिक्का उमटलेलं पान मोजू नका.

आता त्या वाफेकडे येते, कारण सगळ्यात घातक तेच आहे.

काकांच्या पासपोर्टात दुबईचे गुलाबी रहिवासी स्टिकर आहेत, प्रत्येकी पानभर. असा स्टिकर सोडवला की खालचं पान तसं राहत नाही. गोंदाबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघतो, पानावरची बारीक नक्षी खरवडल्यासारखी होते, आणि स्टिकरच्या कडेवर मारलेला शिक्का असेल तर त्याचा अर्धा भाग पानावर लटकत राहतो. विमानतळावरच्या माणसाचं रोजचं कामच पानं चाळायचं आहे. त्याच्या बोटांना ते पान लगेच लागतं.

आणि मग काय होतं? पासपोर्ट आपला नसतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ मध्ये स्पष्ट लिहिलंय की पासपोर्ट कायम केंद्र सरकारची मालमत्ता राहतो. कलम १२ सांगतं, अधिकार नसताना पासपोर्टमधल्या नोंदींत फेरफार केला किंवा करायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या प्रवासाच्या खुणा लपवायला पानं फाडली म्हणून मुंबई विमानतळावर प्रवाशांना अटक झाल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आल्यात. वाफेने काढलेला स्टिकर आणि फाडलेलं पान यात तपासणाऱ्याला फरक का वाटावा? सत्तरीतल्या माणसाला पहाटेच्या विमानाआधी पोलिसांसमोर उभं करणारा हा सल्ला आहे, आणि तो "उपयुक्त माहिती" म्हणून फिरतोय.

याच मुद्द्याला कुणीतरी शेपूट जोडलंय, की नकाराचा शिक्का असलेलं पानही असंच "साफ" करावं. शेंगेन व्हिसा नाकारला की त्याची नोंद पासपोर्टात नाही, युरोपीय देशांच्या सामायिक व्हिसा प्रणालीत राहते, पाच वर्षं. बोटांच्या ठशांसकट. पान खरवडून तिथलं काही पुसत नाही.

पैशांचंही बघा. पानं संपत आली म्हणून सरळ मार्गाने नवा पासपोर्ट घेतला तर ३६ पानांना १,५०० रुपये आणि ६० पानांना २,००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २,०००. पासपोर्ट खराब केला म्हणून नवा घ्यायची वेळ आली तर तेच ३६ पानांना ३,००० आणि ६० पानांना ३,५००. वर चौकशी वेगळी.

पुरवणीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. अमेरिकेत पूर्वी पासपोर्टात जादा पानं शिवून मिळायची, तिथल्या नातेवाइकांनी ते पाहिलेलं असतं. पण २०१५ संपताना त्यांनीही ते बंद केलं. आपल्याकडच्या फीच्या तक्त्यातही पानं संपल्यावर मिळणाऱ्या "जादा पुस्तिकेचा" उल्लेख आहे, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो. प्रत्यक्षात हातात येतो तो नवा पासपोर्ट, नव्या क्रमांकाचा. पासपोर्ट सेवेच्या अर्जात रीइश्यूचं कारण विचारतात, तिथे "पानं संपली" हा पर्याय असतो, तो निवडायचा. एजंट पानं शिवून देतो म्हणाला तर तिथून उठा.

नवा पासपोर्ट घेतला की जुने व्हिसे बाद, हेही खोटं. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टात असला तरी चालतो, दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे. फक्त पासपोर्ट सेवा केंद्रात जुना रद्द करताना काउंटरवर सांगा की यात चालू व्हिसा आहे, म्हणजे त्या पानाला धक्का लागणार नाही. जुना पासपोर्ट फेकू नका, इतकंच.

सहा महिन्यांची अट सिंगापूर, थायलंड, अमिरातीला लागते, म्हणून ती सगळ्यांच्या तोंडी बसलीय. शेंगेनला तीन महिने, तेही परतीच्या तारखेनंतरचे. मेसेजवाल्याने सगळे देश एकाच टोपलीत भरलेत.

कमी गर्दीच्या देशाकडे अर्ज करायचा सल्ला तर सरळ नकार ओढवून घ्यायचा आहे. जिथे मुख्य मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथून आधी आत शिरणार तिथे. मावशी-काका सगळे दिवस म्युनिकला राहणार, अर्ज जर्मनीकडेच.

आणि शिक्के. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली, हे खरं. पण व्हिसाचा स्टिकर अजून पासपोर्टातच चिकटवतात आणि दोन पानांची अट त्यासाठी आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, कागद अडले तर पंचेचाळीसपर्यंत. मावशीला सांगितलंय, आहे त्याच पासपोर्टवर आत्ताच अपॉइंटमेंट घे, आणि काकांना म्हणावं परत आल्यावर ६० पानांचा काढा.