थोडक्यात हुकलेला चमचा

केंब्रिजमधली 'मे बम्प्स' ही नौकाशर्यत जूनमध्ये भरते, यावरूनच मी काय ते ओळखायला हवे होते.

त्या फंदात मी पडलो तो निव्वळ अभिमानापोटी. कॉलेजातल्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या बोट क्लबच्या कॅप्टनने मी कुठला, असे विचारले. महाराष्ट्रातला, असे सांगून मी थांबायला हवे होते. परंतु गप्पा वाढवाव्यात म्हणून, आमच्याकडचा दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या एका दुष्काळी गावातून निघून २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात १३ वा आला होता, ही माहिती मी आपण होऊन पुरवली. जिथे पाण्याची वानवा आहे तिथला माणूस ऑलिंपिकपर्यंत पोचतो, तर नदीकाठच्या पुण्यात वाढलेला हा कुठवर जाईल, असा हिशेब त्याने केला असावा. वास्तविक नौकानयनाशी माझा संबंध पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा रेगाटा काठावर बसून, शेंगदाणे खात पाहण्यापुरताच होता. परंतु तोवर माझे नाव यादीत गेले होते आणि पुढचे सात महिने पहाटे साडेपाचला उठण्याचे वचन माझ्या वतीने कुणीतरी देऊन टाकले होते.

कॅम ही नदी इतकी अरुंद आहे की आठ वल्हेकऱ्यांच्या दोन नौका तिच्यात शेजारी शेजारी धावू शकत नाहीत. यावर दुसरी नदी शोधणे हा उपाय कुणालाही सुचला असता; तिथल्या लोकांनी मात्र १८२७ पासून नौका एकामागे एक लावून शर्यत घेण्याचा परिपाठ ठेवला आहे. एका विभागात १७ नौका, दोन नौकांमध्ये दीड नौकेचे, म्हणजे सुमारे २७ मीटरांचे अंतर. तोफ झाली की सगळ्यांनी एकदम निघायचे आणि मागच्याने आपल्याला गाठण्याआधी आपण पुढच्याला गाठून धडक द्यायची. धडक झाली की दोन्ही नौका काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करून उभ्या राहतात. असे बुधवार ते शनिवार चार दिवस चालते. चौथ्या दिवशी जी जागा हाती उरेल तिथूनच पुढच्या वर्षीच्या मुलांनी सुरुवात करायची, म्हणजे आजोबांनी काढलेले कर्ज नातवाने फेडावे तसा हा प्रकार आहे. चारही दिवस धडक देणाऱ्या वीरांना 'ब्लेड्स', म्हणजे रंगवलेली वल्ही मिळतात. चारही दिवस धडक खाणाऱ्यांना 'स्पून्स', म्हणजे चमचे. आपल्याकडे चमचा झाल्याखेरीज काही मिळत नाही. तिथे काहीच मिळाले नाही की चमचा मिळतो.

हे सारे मी घरी फोनवर समजावून सांगत असताना बाबांनी मध्येच थांबवले.

"म्हणजे मागून ठोकायचं?"

"हो."

"आणि ठोकणाऱ्याचाच सत्कार?"

"हो बाबा. ते काठावरच्या झाडांचे डहाळे तोडून डोक्यात खोवतात आणि तसेच मिरवत घरी येतात."

"आपल्याकडे मागून ठोकलं तर भरपाई द्यावी लागते," बाबा म्हणाले. आयुष्यभर लक्ष्मी रस्त्याने स्कूटर चालवलेल्या माणसाला याहून अधिक पटवणे शक्य नव्हते.

मूळ अडचण अशी की वल्हेकरी पाठ पुढे करून बसतात. ज्याला गाठायचे तो दिसत नाही; जो आपल्याला गाठणार आहे तो मात्र अखेरपर्यंत डोळ्यांसमोर असतो आणि मोठा मोठा होत जातो. पुढे पाहण्याची सोय एकट्या कॉक्सला, म्हणजे नौकेच्या मागच्या टोकाशी आमच्याकडे तोंड करून बसणाऱ्या सुकाणूधारकाला असते. आमची कॉक्स जेमतेम पाच फुटांची, एरवी अतिशय मृदू स्वभावाची मुलगी होती. कानाशी मायक्रोफोन लावताच तिच्या अंगात कुणीतरी संचारत असे. काठावरून आमचीच माणसे सायकली दामटत आणि शिट्ट्या फुंकत येतात. पुढची नौका एका नौकेच्या अंतरावर आली की एक शिट्टी, अर्ध्यावर दोन, पावावर तीन, असा आमचा संकेत होता.

बुधवारी चार मिनिटांची तोफ झाली, मग एका मिनिटाची झाली. कॉक्सने काठाला बांधलेली साखळी हातात धरली, काठावरच्याने लांब काठीने आम्हाला प्रवाहात ढकलले, आणि त्या एका मिनिटात मला आईचा, कुलदैवताचा आणि प्रवासविम्याचा आठव झाला. तिसरी तोफ झाली. वल्ह्यांचे पहिले दहा फटके अत्यंत सुरेख बसले, असे मला वाटले. एवढ्यात एक शिट्टी ऐकू आली, लगेच दोन आणि पाठोपाठ तीन! आम्ही गाठले! मी जीव खाऊन वल्हे ओढू लागलो. समोर पाहतो तो मागच्या नौकेचे टोक आमच्या कॉक्सच्या खांद्याशी आलेले. शिट्ट्या त्यांच्या होत्या; त्यांचा संकेतही तोच होता. मी सर्वशक्तीनिशी ज्याचा आनंद साजरा केला ती माझीच धडक होती. कॉक्सने हात वर करून शरणागती पत्करली, तेव्हा फर्स्ट पोस्ट कॉर्नर हे पहिले वळणही यायचे होते.

पुढे फेन डिटन गावात नदीकाठी 'द प्लाउ' हा पब आहे. माझे मित्र तिथे सकाळपासून जागा धरून बसले होते. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो खरे, पण शर्यत संपल्यावर, डोक्यात एकही पान नसताना.

गुरुवारबद्दल सांगण्यासारखे काही नाही. गुरुवार दीड मिनिटात संपला.

शुक्रवारी मी क्रॅब पकडला. वल्ह्याचे पाते पाण्यात तिरके शिरते, नौका पुढे जाते, वल्हे जात नाही आणि त्याची मूठ बरगडीत येऊन बसते. याला तिथे क्रॅब, म्हणजे खेकडा, पकडणे म्हणतात. माझे आजोळ मालवणचे. तिथे कुर्ली पकडली तर संध्याकाळी निदान रस्सा होतो. इथे मी मागच्या सहकाऱ्याच्या मांडीवर उताणा पडून निरभ्र आकाश पाहत होतो आणि कानावर तीन शिट्ट्या येत होत्या. त्या कुणाच्या, हे आता विचारावे लागले नाही.

शनिवारी कुणाच्याही मनात काही शंका उरली नव्हती. दूरदर्शी कॅप्टनने आदल्या दिवशीच बाजारातून नऊ लाकडी चमचे आणून ठेवले होते. तोफ झाली, मागची नौका नेहमीप्रमाणे वाढू लागली आणि आम्ही नेहमीप्रमाणे आमच्या नियतीकडे तोंड करून वल्हवत राहिलो. अकस्मात ती नौका थांबली. तिच्याही मागच्या नौकेने तिला ठोकले होते! दोघीही काठाला लागल्या आणि आमच्यासमोर रिकामे पाणी पसरले.

खरी आपत्ती इथून सुरू झाली. धडक दिली वा खाल्ली की शर्यत सुटते; दोन्हींपैकी काहीच घडले नाही तर थेट शेवटपर्यंत वल्हवत जावे लागते, आणि दीड मिनिटापलीकडचा सराव आम्हाला तीन दिवसांत कुणी होऊच दिला नव्हता. शिवाय त्या दोघींच्याही मागून आणखी एक नौका येत होती आणि तिला आता आमच्याखेरीज गाठण्यासारखे कुणी उरले नव्हते. ग्रासी कॉर्नरला माझे पाय गेले. डिटन कॉर्नरला श्वास गेला. लाँग रीच हा पुढचा सरळ पट्टा कुणी एवढा लांब ठेवला, असा प्रश्न मनात येत असताना ती नौका संथपणे, पाहुण्याने न सांगता यावे तशी, वाढत होती. कॉक्स काय ओरडत होती ते मला आठवत नाही. आठवले तरी लिहिता येणार नाही. रेल्वेचा पूल डोक्यावरून गेला तेव्हा तो आधी आमच्या बाजूला कोसळावा, अशीही इच्छा मनात येऊन गेली. शेवटी तोंडाला फेस येऊन आम्ही रेषा ओलांडली, तेव्हा ती नौका अर्ध्या नौकेवर आली होती.

प्लाउवरच्या मित्रांनी हे पाहिले का, असे मी नंतर विचारले. ते त्या वेळी बिअर आणायला आत गेले होते.

रात्री क्लबच्या जेवणात कॅप्टनला पेच पडला. तीनच धडका खाल्ल्याने चमच्यांवर आमचा हक्क राहिला नव्हता आणि दुकानाची पावती हरवली होती. अखेर, पारितोषिक म्हणून नव्हे तर साठा संपवण्यासाठी, असे स्पष्ट बजावून त्याने ते वाटून टाकले. माझा मी पोहे परतायला वापरतो. परवा व्हिडिओ कॉलवर आईचे लक्ष तिकडे गेले.

"अरे, चमचा चांगला आहे. कुठे मिळाला?"

"मिळाला नाही गं," मी म्हटले, "थोडक्यात हुकला."