अँबॅसिडर दणकट होती. आतली माणसं नव्हती

एक फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. वर रुबाबदार अँबॅसिडर, खाली चेपलेली आजची हॅचबॅक. मजकूर साधारण असा: पूर्वीच्या गाड्या जड लोखंडाच्या, म्हणून सुरक्षित. आता कंपन्या पैसे वाचवायला पातळ पत्रा लावतात, म्हणून धडकेत गाडीचा पार चुराडा होतो. तेव्हा बेल्ट नव्हता, एअरबॅग नव्हती, तरी माणसं जगलीच ना?

आधी चुराड्याचं बघू, कारण सगळी गल्लत तिथेच आहे. ताशी 50 किमी वेगाने गाडी भिंतीवर आदळली, की आतल्या माणसाचा वेगही शून्यावर यायलाच हवा. किती अंतरात, एवढाच प्रश्न. नाक 60 सेंमी चेपलं आणि माणूस बेल्टने गाडीला बांधलेला असेल, तर त्याला सरासरी 16 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 16 पट, झटका बसतो. गाडी 10 सेंमीतच थांबली, तर जवळपास 100 जीचा. म्हणजे जी गाडी दबत नाही, ती धक्का तसाच आत पोचवते. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेन्यी यांनी 1951 मध्येच यावर पेटंट मागितलं होतं: पुढचा-मागचा भाग मुद्दाम चेपणारा, मधली केबिन कडक. 1959 मध्ये अशी गाडी बाजारात आली. तेव्हा चेपणं हे डिझाइन आहे, काटकसर नव्हे.

हे नुसतं गणित वाटत असेल तर 2009 ची एक चाचणी बघा. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने 1959 ची शेवरले बेल एअर आणि 2009 ची शेवरले मालिबू ताशी 64 किमी वेगाने समोरासमोर आदळवल्या, ड्रायव्हरच्या बाजूने अर्धवट. बेल एअर म्हणजे फॉरवर्डवाल्यांच्या स्वप्नातली गाडी: लांबलचक बॉनेट, भक्कम क्रोम, खाली चेसी, म्हणजे लोखंडी सांगाडा. तिची केबिनच कोसळली. स्टिअरिंग मागे सरकून डमीवर, म्हणजे चाचणीच्या पुतळ्यावर, आलं, काच निखळली. आत माणूस असता तर गेला असता. मालिबूचं नाक भुगा झालं, पण डमीला पायाची किरकोळ इजा. ‘बेल एअरमध्ये बेल्ट नव्हता’ हा आक्षेप मी ऐकलाय. पण बसायची जागाच उरली नाही, तिथे बेल्ट बांधणार कुणाला?

वजनाचं थोडक्यात. दोन गाड्यांच्या धडकेत जड गाडीला फायदा होतो, हे खरंय. पण जुनी म्हणजे जड हे कुणी ठरवलं? प्रीमियर पद्मिनी जेमतेम 900 किलोची होती. आजची टाटा नेक्सॉन 1200 किलोच्या वर जाते. बोटाने दबतो तो बाहेरचा पत्रा. गाडी पेलतो तो आतला सांगाडा, आणि तो आता उच्च ताकदीच्या पोलादाचा असतो. शोरूममध्ये बॉनेटवर टिचक्या मारून मजबुती तपासणाऱ्या काकांना ते दिसत नाही, त्यांचा काय दोष!

मात्र ‘पत्र्याचा डबा’ ही शिवी अगदीच हवेतली नव्हती. 2014 मध्ये गाड्या आदळवून सुरक्षेसाठी शून्य ते पाच तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळवल्या, आणि पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या. आल्टो 800, नॅनो, आय-10 यांचे सांगाडे कमी-अधिक ढासळले. फिगो आणि पोलोचे टिकले; दोन एअरबॅग लावल्यावर त्याच पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे राग योग्य होता, पण त्यावर उपाय 1958 च्या अँबॅसिडरमध्ये नव्हता. पुढे 2018 च्या डिसेंबरमध्ये नेक्सॉनला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. 2019 पासून नव्या गाडीत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, 2023 मध्ये भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देणारी चाचणी सुरू झाली. किरकोळ ठोकरीनंतर मात्र आजच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंगचं बिल घाम फोडतं. जुन्या स्टीलच्या बंपरला पोचाही पडत नसे, हे मान्य.

राहिलं ‘माणसं जगलीच ना’. जी गेली ती फॉरवर्ड पाठवत नाहीत. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन बिंदूंचा बेल्ट 1959 चा. कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. आणि तो नसला तर नवी, महागडी गाडीही वाचवत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर मर्सिडीज आदळली. पुढचे दोघे वाचले. मागे बसलेले सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं.

शेवटी त्या फॉरवर्डमधला ‘उपाय’: पुढे जाड लोखंडी बुलगार्ड बसवा. तो धडकेचा जोर थेट चेसीवर नेतो, पुढचा भाग नीट चेपू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरलाही चकवू शकतो, आणि पायी चालणाऱ्याला लागला तर हाडं मोडतो. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना असे गार्ड काढायला लावा असं कळवलंय. तुमच्या गाडीला असेल तर गॅरेजमध्ये चार बोल्ट काढायचं काम आहे.