‘निसर्ग भरून काढतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

वन्यप्राण्यांच्या विणीविषयी एक मजकूर ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जंगलात प्रत्येक मादी दरवर्षी ठरल्या ऋतूत विते, पिल्लं सगळ्यात बलवान नराचीच होतात, संख्या फार वाढली की प्राणी जातीच्या भल्यासाठी आपणहून वीण थांबवतात, आणि म्हणून काही जनावरं मेली तरी निसर्ग ती भरून काढतो. हजारो लोकांनी ते खरं मानून पुढे पाठवलंय. त्यातला शेवटचा मुद्दा तर घातक आहे.

‘प्रत्येक मादी दरवर्षी विते.’

ऋतूचा भाग अर्धा खरा आहे. थंड प्रदेशांत रात्रीची लांबी बदलते तसं मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे रात्री तयार होणारं संप्रेरक पाझरण्याचा काळ बदलतो आणि त्यावरून माजाची वेळ ठरते. मेंढ्या आणि लाल हरणं दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, घोड्या दिवस मोठे होताना. उष्ण प्रदेशात हा इशारा पुसट होतो. चितळाचं पाडस वर्षाच्या कुठल्याही महिन्यात दिसू शकतं.

पण दिवसमान फक्त वेळ सांगतं. यंदा गर्भ राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी मादीच्या अंगावरच्या चरबीवर ठरतं. चरबीच्या पेशींतून लेप्टिन हे संप्रेरक रक्तात उतरतं, त्यावरून मेंदूला साठ्याचा अंदाज येतो. साठा तुटपुंजा असेल तर अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं मंदावतात.

स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणांची एकेक मादी ओळखून गेली कित्येक दशकं नोंदी ठेवल्या जात आहेत. उन्हाळाभर पाडसाला पाजलेली मादी हिवाळ्याच्या तोंडावर रोडावलेली असते. त्या हंगामात ती गाभण राहण्याची शक्यता भाकड मादीपेक्षा कमी. बेटाच्या उत्तर भागात 1970च्या दशकात हरणं मारणं थांबलं, गर्दी वाढली आणि तरुण माद्यांची पहिली वीण लांबली. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांचं तर याहून विलक्षण आहे. समागम उन्हाळ्यात होतो, पण फलित बीज महिनोन्महिने गर्भाशयात रुजतच नाही. ते रुजतं हिवाळा जवळ आल्यावर, मादी गुहेत शिरते त्या सुमारास. तोवर पुरेशी चरबी साठली नसेल तर त्या हिवाळ्यात बछडे होत नाहीत.

आणि पोट भरलेलं असूनही वीण अडते, हे या मजकुरात कुठेच नाही. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या लहान प्राण्याच्या टोळीत बहुतेक पिल्लं एकाच वरचढ मादीची असतात. ती गाभण असताना खालच्या माद्यांना हुसकावून लावते. हाकललेल्या मादीवरचा ताण इतका वाढतो की तिला गर्भ राहणं अवघड होतं, राहिलेला गर्भही कधी पडतो. कॅनडातल्या युकॉन प्रदेशातल्या हिमसशांच्या बाबतीत हेच काम लिंक्स या रानमांजराची भीती करते. शिकाऱ्यांचा वावर वाढला की माद्यांच्या अंगातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, पिल्लं कमी होतात आणि लहान चणीची निपजतात.

‘पिल्लं बलवान नराचीच.’

हत्ती-सीलसारख्या समुद्री प्राण्यांत मूठभर नर बहुतेक पिल्लांचे बाप असतात, हे खरं. पण तो सार्वत्रिक नियम नाही. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या बिगहॉर्न या रानमेंढ्यांत दुय्यम एडके वरचढ एडक्याच्या पहाऱ्यातून घुसतात, आणि तपासलेल्या कळपांत सुमारे 40 टक्के कोकरं त्यांची निघाली. आफ्रिकेतल्या सेरेनगेटीतल्या चित्त्यांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत एकाहून जास्त बछडे असलेल्या वेतांपैकी 43 टक्के वेतांत बाप एकाहून अधिक होते.

‘जातीच्या भल्यासाठी वीण थांबवतात.’

प्राणी समूहाच्या हितासाठी स्वतःची वीण आवरतात, अशी मांडणी प्राणिशास्त्रज्ञ विन-एडवर्ड्स यांनी 1962 साली केली होती. चारच वर्षांत जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स यांनी तिचा कमकुवतपणा दाखवून दिला. हात आखडणाऱ्या मादीची संतती कमी होते, न आखडणारीची वाढते. काही पिढ्यांत आखडणाऱ्या उरतच नाहीत.

स्कॉटलंडच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातल्या हिर्टा बेटावरच्या ‘सोय’ जातीच्या रानटी मेंढ्या पाहा. तिथे शिकारी प्राणी नाही. कळप फुगत जातो, वर्षभराच्याही न झालेल्या माद्या गाभण राहतात, आणि मग एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून जास्त मेंढ्या उपासमारीने मरतात. गर्दीत वीण घटते ती भुकेमुळे, संयमामुळे नाही. या उपासमारीला ‘निसर्गाचा समतोल’ असं गोड नाव देणं मला पटत नाही.

‘मेली तरी भरून निघतात.’

उंदीर भरून निघतील. हत्ती नाही. हत्तिणीचा गर्भ सुमारे 22 महिन्यांचा, बहुतेक वेळा पिल्लू एकच, आणि दोन वेतांत चार-पाच वर्षं. दुष्काळ पडला तर हे अंतर आणखी वाढतं. ओरांगउटान मादीला तर दोन पिल्लांमध्ये सात-आठ वर्षं लागतात. विणती हत्तीण मारली गेली आणि तिचं पिल्लू अजून अंगावर पीत असेल, तर बहुधा तेही जगत नाही. तिच्या जागी दुसरी विणती मादी यायची तर आधी कुणाला तरी मादी पिल्लू व्हायला हवं, ते जगायला हवं, आणि त्याला स्वतः विण्याजोगं व्हायला साधारणपणे दहा वर्षांहून जास्त काळ जातो. तेवढ्या काळात त्या कळपातली आणखी एक हत्तीण गेली तर हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.