‘सुखवस्तू बायका’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

‘द वर्ल्ड अनसीन’वरच्या माझ्या लेखाखाली आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी बरं वाटत नाही हा अनुभव आहे, म्हणून आज सकाळी पुन्हा वाचली आणि मग लिहायला बसले. तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘एक वाचक’ एवढंच लिहिलंय, तेव्हा मीही तसंच म्हणते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: शमीम सरीफ यांचा २००७ सालचा हा सिनेमा त्यांच्याच कादंबरीवर आहे. काळ १९५०च्या दशकातला, जागा दक्षिण आफ्रिका. मिरियम ही भारतीय दुकानदार ओमरची बायको, लेकुरवाळी, खाली मान घालून वावरणारी. अमीना तिथलीच भारतीय मुलगी, पँट घालते, गाडी चालवते, जेकबबरोबर भागीदारीत कॅफे चालवते. जेकब सरकारच्या वर्गवारीत ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय. या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात.

तुमचे आक्षेप थोडक्यात असे. मिश्रविवाहबंदीच्या कायद्याचं साल मी चुकवलं. सिनेमातले काळे आफ्रिकी लोक नुसते येऊन-जाऊन असतात आणि भारतीय दुकानदार त्यांच्याच जिवावर जगत होते हे कुणी बोलत नाही. नायिका फार देखण्या आहेत. दोन बायकांच्या प्रेमाला तिथल्या कायद्यात बंदीच नव्हती, तर मग मी ‘निषिद्ध’ का म्हणते. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य: ‘तुमच्यासारख्या सुखवस्तू बायकांना भेदभाव म्हणजे प्रेमकथेमागचा रंगवलेला पडदा वाटतो, कारण तुमच्या घरात कुणाचा कप कधी वेगळा ठेवला गेलेला नाही.’

सालाचं आधी मिटवते. चूक माझीच. वर्णभेदाचं राज्य आणणारी नॅशनल पार्टी निवडून आली १९४८मध्ये, मिश्रविवाहबंदीचा कायदा झाला १९४९मध्ये. मी दोन्ही १९४८ लिहून मोकळी झाले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. बारकाईने वाचलंत, आभारी आहे.

पण एक साल चुकलं म्हणून माझं घर कसं होतं हे सांगण्याचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी कुठे वाढले, माझ्या आजोळी कोण कुठे बसत होतं, यातलं काही तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. तरी तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलंत. मतभेद असू देत, मी ते आनंदाने वाचते, गेली कित्येक वर्षं वाचत आले आहे. पण ‘तुमच्यासारख्या बायका’ ही सुरुवात झाली की पुढचं काहीही बोलणं उरत नाही, आणि तुम्ही नेमकं तेच केलंत. हेच पुरुष लेखकाला लिहिलं असतंत का, हा प्रश्न मला पडला आणि अजून पडलेला आहे.

तर कपाचं.

माझ्या आजोळी, सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मागच्या दाराशी मोरीच्या वर एक कोनाडा होता. त्यात एक पांढरा कप उपडा घातलेला असायचा, कानाचा टवका उडालेला. तो मावशीच्या मैत्रिणीचा. त्या शाळेत शिकवायच्या म्हणून आम्ही मुलं त्यांना बाई म्हणायचो. बाई दलित होत्या. मावशी आणि त्या तालुक्याच्या गावी एका खोलीत राहायच्या, मावशी दवाखान्यात नर्स आणि बाई शाळेत. घरात त्यांच्याबद्दल बोलताना ‘मैत्रीण’ हा एकच शब्द वापरला जाई, आणि तो उच्चारताना आजी जरा थांबायची. बाई आल्या की मागच्या पायरीवर बसायच्या. चहा वरून ओतला जायचा. पिऊन झालं की त्या कप स्वतः विसळून कोनाड्यात उपडा घालायच्या. मी सहा-सात वर्षांची असेन, मला तो कप त्यांचा लाडका आहे असंच वाटायचं.

एका दिवाळीला मावशी पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आपला सोनेरी काठाचा कप तिने बाईंच्या हातात दिला आणि बाईंचा टवका उडालेला कप स्वतः उचलून त्यातला चहा पिऊन टाकला. आजी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. बाई मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांचा चहा तसाच गार झाला. पुढच्या सुट्टीत गेलो तेव्हा कोनाड्यात दोन कप उपडे होते. सोनेरी काठाचा तिथे गेला होता. त्यानंतर मावशीलाही माहेरी त्याच कपातून चहा मिळत राहिला, आजी जाईपर्यंत.

म्हणून मला सांगू नका, की कुणाचा कप कधी वेगळा ठेवला गेलेला नाही. ठेवला गेला होता, आणि ठेवणारी माणसं आमची होती. हे मी कधी लिहिलं नव्हतं. आज लिहितेय ते तुम्ही लिहायला लावलंत म्हणून. ते मला आवडलेलं नाही.

आता तुमच्या कायद्याच्या मुद्द्याकडे येते, कारण तो एवढा एक खरोखर मुद्दा आहे. १९४९च्या कायद्याने गोरे आणि गोरे नसलेले यांच्यातली लग्नं बंद केली. १९५०मध्ये ‘अनैतिकता कायद्या’त दुरुस्ती करून त्यांच्यातला शरीरसंबंधही गुन्हा ठरवला. त्याच वर्षी लोकसंख्या नोंदणीचा कायदा आला, ज्याने माणूस कुठल्या रकान्यात बसतो ते सरकार ठरवू लागलं. शंका असली की केसात पेन्सिल अडकवून ती पडते की राहते ते बघायचे, आणि एकाच घरातली भावंडं वेगळ्या रकान्यांत जायची. त्याच वर्षी गट-क्षेत्र कायदा आला आणि कुणी कुठे राहायचं, कुठे दुकान मांडायचं तेही ठरलं. या सगळ्यात दोन बायकांचा उल्लेख नाही. १९६६ साली जोहान्सबर्गच्या फॉरेस्ट टाउनमध्ये समलिंगी पुरुषांच्या एका मोठ्या पार्टीवर पोलिसांची धाड पडली, तिचं पर्यवसान अनैतिकता कायद्याच्या १९६९च्या दुरुस्तीत झालं, आणि तीही पुरुषांबद्दलच. इथवर तुमचं बरोबर आहे.

पण कायद्याने नाव घेतलं नाही म्हणजे मुभा होती, हे कुठून आलं? कायद्याला मिरियमचं नाव घ्यायची गरज नव्हती, कारण तिच्यावर नजर ठेवायला घरात नवरा होता, जाऊ होती, समाज होता. तिच्या हातात पैसा नाही, गावापासून लांब दुकानात टाकलेली, कुठे जायचं तर कुणीतरी न्यायला हवं. म्हणून अमीना तिला गाडी शिकवते तो प्रसंग मला सिनेमाचा कणा वाटतो. स्टिअरिंगवर हात ठेवलेली मिरियम आधी घाबरते आणि मग तिचा चेहरा सैल पडत जातो. दुसरीकडे त्याच घरातली मुलगी, ओमरची बहीण, गोऱ्याशी लग्न करून बसलेली. तिच्यामागे खरेखुरे पोलीस लागतात, आणि तिला लपवते अमीना. एका बाईला सरकार शोधतंय, दुसरीला घर. यातलं पुढे कोणतं आणि मागचा पडदा कोणता, ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या कोनाड्यातले दोन कप पाहिल्यावर तर मुळीच नाही. त्यातला एक जातीसाठी उपडा होता, दुसरा कशासाठी ते घरात कुणी शब्दांत सांगितलं नाही.

आपल्याकडे ३७७ कलमातला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ला काढला. मावशी त्याच्या कितीतरी आधी गेली. दक्षिण आफ्रिकेत दोन बायकांना २००६पासून लग्न करता येतं, आपल्याकडे २०२३मध्ये न्यायालयाने नाही म्हटलं. ‘कायद्यात कुठे बंदी होती’ असं विचारणाऱ्याने हेही लक्षात घ्यावं.

आफ्रिकी पात्रांबद्दल आणि भारतीय दुकानदारांबद्दल तुम्ही जे लिहिलंय तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. एका सिनेमाने सगळ्यांचं सगळं दाखवावं ही अपेक्षा मला मान्य नाही. नायिकांच्या देखणेपणाबद्दल मी काही बोलणार नाही, ती तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे. आणि ‘परक्यांच्या दुःखावर रडण्याआधी आपलं बघा’ असंही मधे कुठेतरी म्हटलंत. केपटाऊनमध्ये रत्नागिरीकडची कोकणी मुसलमान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, गट-क्षेत्र कायदा त्यांनाही लागू होता. तिथली डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ साली ‘गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर झाली आणि साठ हजारांहून जास्त माणसांना तिथून उठवलं. परकं कोण, हे इतक्या झटकन ठरवू नका.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. हा सिनेमा मी त्यांच्याकडे लॅपटॉप नेऊन त्यांच्याबरोबर पाहिला. त्यांना इंग्रजी ऐकायला जड जातं, मी मधे मधे सांगत होते. गाडी शिकवण्याचा प्रसंग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. तो संपल्यावर म्हणाल्या, ‘हिला सायकल नव्हती येत.’ हिला म्हणजे मावशीला. मग चहा ठेवायला उठल्या. लेखात हे नव्हतं, कारण ते त्यांचं आहे. आज सकाळी फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या लिही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. पुन्हा लिहायचं असेल तर नाव घालून लिहा, आणि माझ्या घराबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी विचारा.