गॅस किट बसवा, हेड उतरवा

पेट्रोल परवडत नाही ना? मग एलपीजी किट बसवूनच टाका. जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, "भाऊ, इंजिनला काही होत नाही" म्हणणारा गॅरेजवाला सापडतोच. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग, उतरवायची वेळ आली की तोच शांतपणे म्हणतो, "गाडीच जुनी होती ना." परवा हे वाक्य पुन्हा कानी पडलं, म्हणून हा मोफत सल्ला.

किट बसवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासू नका. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांनी खाली निघाला, तर गिऱ्हाईक हातचं जायचं.

साधी मिक्सरवाली किट असेल तर गॅस कमी-जास्त करणारा पॉवर स्क्रू आवळून घ्या, अ‍ॅव्हरेज वाढतं! गॅस कमी, हवा जास्त, असं मिश्रण सावकाश जळतं आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आग विझलेली नसते. मे महिना, पारा ४५ वर, गाडीत लग्नाचं वऱ्हाड आणि समोर कन्नड घाट. व्हॉल्व्हला शेक हवाच.

ऑइल काळं पडत नाही, म्हणजे बदलायची गरजच नाही. रंग काय तो महत्त्वाचा. उष्णतेनं ते आतून घट्ट होतं, ते कुणाला दिसतंय?

रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घाला. क्षार साचले की त्याच पाण्यावर तापून गॅसचा वायू करणारा व्हेपोरायझर गरम होत नाही, बाहेरून बर्फ धरतो. खान्देशच्या उन्हात तेवढाच गारवा.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवा. पंप आणि इंजेक्टर नवीन मिळतात.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग. इंजिनचा आवाज दिवसेंदिवस मऊ होत गेला, वरची टिकटिक थांबली, तर पेढे वाटा. झिजलं की खडखड वाढते असं सगळ्यांना वाटतं, इथं उलटं आहे. पेट्रोल आत येताना उडून जातं, तेव्हा थोडा गारवा देतं; गॅस आधीच वायू होऊन येतो, कोरडा. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कडेवर, थर धरून तिला सांभाळायचं, तेही २००० साली देशभरातून गेलं. मग व्हॉल्व्ह तापलेल्या सीटवर आपटत राहतो, सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसायला लागतो. तो आत गेला की दांडी वर येते आणि टॅपेटची गॅप कमी होते. एक्झॉस्टला बहुतेक गाड्यांत मुळात गॅप असते ०.२ ते ०.३ मिलिमीटर. ती शून्यावर आली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. त्याची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जात असते, तो रस्ताही बंद. मग फटीतून आग निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळून तुकडा उडतो. सकाळी स्टार्ट होत नाही, आयडलला एक सिलिंडर मिस. मग मिस्तरी प्लग बदलतो. मग कॉइल बदलतो. मग व्हेपोरायझर धुतो. मग म्हणतो गॅसच खराब भरला. पैसे तुमचे, प्रयोग त्याचे! फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या, तेवढं कुणी हातात घेत नाही.

पुरे झाले विनोद. अरे, काही शेकड्यांच्या फिलर गेजसाठी तुम्ही लोकांची हेडं जाळता? थंड इंजिनवर टॅपेट कव्हर उघडायचं, मॅन्युअलमधल्या आकड्याशी गॅप ताडायची. किट बसल्यावर पाच हजार किलोमीटरनी एकदा, मग दर पंधरा हजारांनी. प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वहीत लिहायचा. एक्झॉस्टची गॅप दर खेपेला कमी भरतेय म्हणजे सीट झिजतेय, दुसरं काही नाही. शिमवालं, म्हणजे चकतीनं गॅप ठरणारं, इंजिन असेल तर शिम बदला, जास्त काम आहे म्हणून टाळू नका. हायड्रॉलिक टॅपेट ऑइलच्या दाबानं गॅप आपोआप भरून काढतात आणि झीज लपवतात, तिथं कॉम्प्रेशन तपासा. आणि गाडीमालकांनो, रोज थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवायला तुमचं काय जातं? टाकीत पाव भाग पेट्रोल असू द्या.

हेड लेथवर गेलंच, तर कडक सीट इन्सर्ट, म्हणजे सीटच्या जागी नवी कडी, बसवून घ्या. जुनीच सीट घासून परत देणाऱ्याला तिथंच अडवा. ती आधीच खोल गेलीय, अजून किती खणताय?