डोक्यात करंट लागला म्हणजे नस जळाली असं नाही

आमच्या म्हापसा-डिचोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. डिप्रेशनची गोळी सोडली की डोक्यात करंट लागतो, कारण गोळीने मेंदूच्या नसा जाळलेल्या असतात, ही नशाच आहे, तेव्हा आजच सगळ्या गोळ्या फेका, आठ दिवसांत शरीर साफ. यातलं खरं एवढंच की करंट लागतो. बाकीचं वाचून कुणी खरंच गोळ्या फेकल्या तर भोगणार तोच, म्हणून लिहितेय.

करंट खरा आहे, "मनाचे खेळ" म्हणून उडवू नका. क्षणभराचा झटका, बऱ्याच जणांना डोळे बाजूला फिरवले की येतो, सोबत चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्नं.

पण नसा जळाल्या? गोळी परत सुरू केली की हा झटका बहुतेकदा एक-दोन दिवसांत थांबतो, जळालेली नस अशी बरी होईल का, तुम्हीच सांगा. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही, पण सगळ्यात पटणारं उत्तर असं: या गोळ्या सेरोटोनिन (मेंदूच्या पेशींमधे निरोप नेणारं रसायन) पेशीत परत आत खेचणारे पंप अडवतात, मेंदू काही आठवड्यांत त्याला सरावतो, रिसेप्टर (तो निरोप पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा) कमी संवेदनशील होतात, आणि गोळी अचानक गेली की सेरोटोनिन झपकन कमी होतं पण रिसेप्टर जुन्याच हिशोबात राहतात. तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातही सेरोटोनिनचं काम चालतं, चक्कर तिथून येत असावी. नॉरॲड्रेनालिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाची उसळी हाही एक अंदाज आहे.

म्हणूनच व्हेनलाफॅक्सिन, पॅरोक्सेटिनसारख्या शरीरातून लवकर जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या जास्त छळतात, आणि फ्लुओक्सेटिन आठवडे रेंगाळते म्हणून तिचा त्रास कमी. नसा जाळणं हे कारण असतं तर हा फरक कशाला पडला असता?

नशा म्हणाल तर तीही नाही. तलफ येत नाही, मजेसाठी डोस वाढवत कोणी सुटत नाही. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या गोळ्या) आणि स्टेरॉइडसुद्धा एकदम बंद करत नाहीत, त्यांना कोणी नशा म्हणतं का?

आता सगळ्यात घातक वाक्य, "आजच फेका". सिटालोप्राम या डिप्रेशनच्याच गोळीच्या 20 मिलिग्रॅमला सुमारे 80 टक्के पंप अडवलेले असतात, 40 ला जेमतेम 85-86, म्हणजे 40 वरून 20 वर येणं मेंदूला फारसं जाणवत नाही पण 20 वरून शून्य म्हणजे थेट कडेलोट. डोस कमी करताना शेवटचे टप्पे सगळ्यात बारीक हवेत, हेच हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी 2019 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. एक दिवसाआड घेणं हाही उपाय नव्हे, शरीरातलं औषध रोज वर-खाली होतं.

आणि घाबरूही नका. 2024 च्या एका अनेक अभ्यासांच्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात गोळी थांबवलेल्या सुमारे 31 टक्के लोकांना काही ना काही लक्षण आलं, पण औषधच नसलेली नुसती खोटी गोळी थांबवलेल्यांतही 17 टक्क्यांना आलं, तीव्र त्रास साधारण 3 टक्क्यांना. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना मात्र जास्त होऊ शकतो.

चवथीला (गणेश चतुर्थीला) गावच्या घरी जाताना गोळ्यांची पाकिटं आधीच मोजून घ्या, तेव्हा फार्मसी बंद मिळते. सोडायची असेल तर तुमच्या डॉक्टरला किंवा बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात विचारून हळूहळू सोडा, आणि मधेच जीव नकोसा वाटला तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही चालू असतो.